४६.२ जी : कर्नल स्टॅप यांच्या शरीराचं प्रकरण

खोलीतले दिवे बंद करून एक चव्वेचाळीस वर्षांचा माणूस कपडे उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा सराव करत होता. बटणं, नाड्या, सगळं चाचपडत. पेशानं डॉक्टर, हुद्दा अमेरिकी हवाई दलात लेफ्टनंट कर्नल. येऊ घातलेल्या चाचणीत आपली दृष्टी जाऊ शकते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गेलीच, तर निदान सदरा घालण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, म्हणून ही तालीम.

हे जॉन पॉल स्टॅप. चाचणी झाली १० डिसेंबर १९५४ रोजी, न्यू मेक्सिको राज्यातल्या होलोमन हवाई तळावर. रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटगाडीच्या खुर्चीला त्यांना बांधलं गेलं. पाच सेकंदांत गाडीनं ताशी १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि पुढच्या सुमारे १.४ सेकंदांत ती थांबली. थांबताना त्यांच्या शरीरावर आलेला जोर कमाल क्षणी ४६.२ जी इतका होता.

जी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण खुर्चीत नुसते बसलेले असतो तेव्हा खुर्ची आपल्याला जेवढ्या जोरानं खालून रेटते, तो एक जी. दोन जी म्हणजे वजन दुप्पट झाल्यासारखं. स्टॅप यांचं वजन सुमारे ७६ किलो होतं. ४६.२ नं गुणलं की साडेतीन हजार किलो होतात. त्या क्षणी त्यांच्या अंगावरचे पट्टे एवढा भार पेलत होते.

मोठ्या त्वरणाचा विषय निघाला की लोक 'माणूस किती जी सहन करू शकतो?' असं विचारतात आणि एक आकडा मागतात. असा एक आकडा नाही. का नाही, हे समजून घ्यायला मला या एका माणसाच्या एका धावेपेक्षा चांगलं प्रकरण माहीत नाही.

मागची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकी वैद्यकात साधारण असं धरून चालत की १८ जीच्या पुढे माणूस जगत नाही. विमानांच्या खुर्च्या, पट्टे, त्यांचे खिळे-बोल्ट हे सगळं त्याच हिशोबानं बनायचं. माणूसच जगणार नसेल तर खुर्ची त्याहून दणकट करून काय उपयोग, हे वरवर तर्कशुद्ध वाटतं. पण अपघातांत उलटंच घडत होतं. विमानाचा सांगाडा बराचसा शाबूत, आणि खुर्ची उखडून पुढे फेकला गेल्यामुळे वैमानिक मेलेला. माणसाची मर्यादा म्हणून जी लिहून ठेवली होती, ती खरं तर खुर्चीची होती.

स्टॅप यांचा जन्म १९१० साली ब्राझीलमध्ये, धर्मप्रचारक आईवडिलांच्या पोटी. १९२८ मध्ये त्यांच्या नात्यातलं एक तान्हं बाळ शेकोटीत भाजून गेलं आणि आपण डॉक्टर व्हायचं हे त्यांनी तेव्हा ठरवलं. आधी जीवभौतिकीत डॉक्टरेट, मग वैद्यकाची पदवी, मग हवाई दल. भौतिकी आणि वैद्यक दोन्ही येणारा माणूस या कामाला मिळणं हा योगायोग मोठा नशिबाचा होता.

१९४७ साली कॅलिफोर्नियातल्या म्युरॉक तळावर (आजचा एडवर्ड्‌स तळ) काम सुरू झालं. जुना दोन हजार फुटांचा रूळमार्ग होता, त्यावर 'जी व्हिझ' नावाची गाडी आली. पहिल्या धावांसाठी खुर्चीत 'ऑस्कर एटबॉल' नावाचा पुतळा बसवला. एकदा मुद्दाम पट्टा ढिला ठेवला. ब्रेक लागताच ऑस्करसाहेब समोरची लाकडी फळी फोडून सातशे फुटांवर वाळवंटात जाऊन पडले. रबरी चेहरा मागेच राहिला.

त्यानंतर खुर्चीत कोण बसणार, तर स्टॅप स्वतः. १० डिसेंबर १९४७ च्या पहिल्या धावेत ते पाठमोरे बसले होते, म्हणजे तोंड मागच्या दिशेला. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल. १९४८ च्या ऑगस्टपर्यंत त्यांनी सोळा धावा केल्या आणि ३५ जीपर्यंत पोचले. अठराचा आकडा निकालात निघाला. त्याची किंमत म्हणून बरगड्यांना तडे गेले, मनगट मोडलं, दातांत भरलेलं सिमेंट निखळलं, डोक्याला मुका मार बसला आणि डोळ्यांत रक्तस्राव झाला.

याच प्रकल्पात १९४९ मध्ये एडवर्ड मर्फी नावाचे अभियंते जोर मोजायची उपकरणं घेऊन आले आणि ती उलटी जोडली गेल्यामुळे मोजमाप शून्य आलं, अशी हकीकत सांगतात. 'चुकण्याची शक्यता असेल तर ते चुकणारच' हा मर्फीचा नियम जगभर पसरला तो तिथून. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत ऐन वेळी गॅस संपला की जो नियम आठवतो, त्याचा उगम अपघातात जीव कसे वाचतील या कामात आहे.

धाव

होलोमनच्या गाडीचं नाव 'सॉनिक विंड क्रमांक १'. मागे नऊ रॉकेटं, एकत्रित जोर चाळीस हजार पौंड. रुळांच्या मधोमध पाणी अडवलेलं असे आणि गाडीखालचा पत्रा त्या पाण्यात घुसून गाडी थांबे. अशा ब्रेकचा स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. वेग जितका जास्त, तितका पाण्याचा रेटा वर्गाच्या पटीत जास्त. त्यामुळे सर्वांत मोठा दणका सुरुवातीलाच बसतो आणि मग तो उतरत जातो. सरासरी काढली तर थांबताना त्वरण साधारण २० जी येतं. ४६.२ हा त्यातला शिखराचा क्षण.

ही त्यांची एकोणतिसावी धाव होती. त्याच वर्षी होलोमनला आधीच्या दोन झाल्या होत्या, पण इतक्या वेगाची एकही नव्हती.

त्यांना बांधलं कसं होतं, यावर मी जरा रेंगाळणार आहे. खांद्यांवरून पट्टे, कमरेला पट्टा, छातीला पट्टा, आणि मांड्यांच्या आतून येऊन कमरपट्ट्याला मिळणारे उलट्या व्ही आकाराचे पट्टे. हात आणि पाय वेगळे बांधलेले, दातांत चावायला ठोकळा. यातले मांड्यांचे पट्टे फार हुशारीचे आहेत. नुसता कमरपट्टा असला की दणक्याच्या वेळी माणूस खुर्चीत खाली घसरतो आणि पट्टा कमरेच्या हाडावरून वर पोटावर चढतो. पोटाला हाडाचं कवच नाही. मग तोच पट्टा यकृत, प्लीहा, आतडी दाबून फाडतो. उलटा व्ही पट्ट्याला जागचा हलू देत नाही. भार हाडांनी घ्यायचा, मऊ अवयवांनी नाही, आणि तोही जितका पसरता येईल तितका पसरून. बांधणीचं सगळं शास्त्र या दोन गोष्टींत आलं.

गाडी सुटली तेव्हा वरून एक जेट विमान चित्रीकरणासाठी उडत होतं. चालवत होते जो किटिंजर, जे पुढे १९६० साली एकतीस किलोमीटर उंचीवरून पॅराशूटनं उडी मारून गाजले. खालची रुळावरची गाडी त्यांच्या विमानाला मागे टाकून गेली.

थांबल्यावर मदतनीस धावले. स्टॅप शुद्धीवर होते, बोलत होते, पण त्यांना दिसत नव्हतं. पापण्या मिटल्या असतील म्हणून त्यांनी बोटांनी वर करून पाहिल्या, तर त्या उघड्याच होत्या. डोळ्यांचा पांढरा भाग रक्तानं भरला होता. काही मिनिटं तशीच गेली. मग थोडा निळा रंग दिसू लागला, तो आकाशाचा होता. मग डॉक्टरांनी समोर धरलेली बोटं मोजता आली. दुसऱ्या दिवसापर्यंत नजर जवळजवळ पूर्ववत झाली. दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे वण, आणि वेगात आदळलेल्या वाळूच्या कणांनी त्वचेवर उठलेले रक्ताचे फोड, एवढं काही दिवस राहिलं. हाड एकही मोडलं नव्हतं.

डोळेच का?

ब्रेक लागतो तेव्हा गाडी थांबते, पण शरीर जडत्वानं पुढेच जाऊ पाहतं. एसटीत उभं राहून प्रवास केलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. पट्टे शरीराला धरतात. प्रश्न उरतो तो पट्टे जिथे पोचत नाहीत त्या भागांचा.

डोळा खोबणीत घट्ट बसवलेला नसतो. चरबीच्या गादीवर, सहा लहान स्नायूंनी तोललेला तो एक गोळा असतो आणि पुढून त्याला अडवायला फक्त पापणी. तोंड पुढे करून बसलेल्या माणसाला एकदम थांबवलं की हा गोळा बाहेर यायला बघतो. वैमानिकी वैद्यकात या दिशेला सरळ 'डोळे बाहेर' असंच म्हणतात, आणि उलट दिशेला, म्हणजे पाठीला आधार असलेल्या दिशेला, 'डोळे आत'. शब्द रांगडे आहेत, पण चुकत नाहीत. स्टॅप यांच्या डोळ्यांतलं आणि त्याभोवतालचं रक्तही त्याच दिशेनं पुढे लोटलं गेलं आणि केशवाहिन्या फुटल्या. भूल न देता दाढ उपटावी तशी कळ डोळ्यांत गेल्याचं त्यांनी नंतर सांगितलं. भीती होती ती याच्या पुढच्या पायरीची, म्हणजे दृष्टिपटल मागच्या थरापासून सुटण्याची. ते सुटलं नाही.

मग मेंदू कसा बचावला? तो तर डोळ्याहून कितीतरी नाजूक. इथे निसर्गाची सोय कामी आली. मेंदू कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगतो. सुमारे १,४०० ग्रॅमचा मेंदू त्या द्रवात जेमतेम ५० ग्रॅमचा भार टाकतो. दणका सरळ रेषेत असेल तर द्रवही तितकाच 'जड' होतो आणि मेंदूला तसाच तरंगता ठेवतो. काठोकाठ पाणी भरलेली घट्ट झाकणाची बरणी घ्या, आत पाण्याइतक्याच घनतेचं फळ घाला आणि बरणी सरळ पुढे हिसडा. फळ फारसं आपटत नाही. पण तीच बरणी गर्रकन फिरवा, काच फिरते आणि फळ मागे राहतं. डोकं मानेवर गरकन फिरलं तर मेंदूच्या तंतूंना पीळ बसतो, म्हणून त्या दुखापती वाईट. स्टॅप यांचा दणका सरळ होता.

तिसरी धोक्याची जागा छातीत. हृदय छातीत जवळपास लोंबतं असतं, पण त्यातून निघणारी महाधमनी पुढे वळून पाठीच्या कण्याला चिकटते. एक टोक हलतं, दुसरं बांधलेलं. जोराचा दणका बसला की या दोन्हींच्या सांध्यापाशी ती फाटते. मोटार अपघातांत जागच्या जागी मृत्यू होण्याचं हे एक ठळक कारण आहे, आणि बाहेरून पाहिलं तर कधीकधी अंगावर ओरखडाही दिसत नाही. छातीवर भार पसरून घेणारे रुंद पट्टे स्टॅप यांच्या कामी आले ते इथे.

मग पाच-सहा जीला वैमानिक का कोसळतो?

हा प्रश्न पडायलाच हवा. ४६ जी सोसून माणूस बोलतो, आणि लढाऊ विमानाचा तरणाबांड वैमानिक पाच-सहा जीला शुद्ध हरपून बसतो. कारण दिशा वेगळी आणि वेळ वेगळी.

विमान गरकन वळवताना जोर डोक्याकडून पायांकडे लागतो. या दिशेत रक्ताचा उभा स्तंभ होतो. दहीहंडीच्या थरांचा विचार करा. थर उभे असतात तेव्हा खालच्या थरावर सगळ्यांचा भार. तेच गोविंदा जमिनीवर शेजारी-शेजारी आडवे झोपले तर कुणावरच कुणाचा भार नाही. आता गणित. हृदयापासून डोळ्यांपर्यंतची उंची साधारण ३० सेंटिमीटर. एवढा रक्ताचा स्तंभ वर चढवायला एका जीला सुमारे २३ मिलिमीटर पारा इतका दाब खर्च होतो. हृदयाशी १२० दाब धरला तर बसल्या जागी डोळ्यांपाशी ९७ उरतो. साडेचार जीला उरतो १७ च्या आसपास. डोळ्याच्या आतला स्वतःचा दाब साधारण तेवढाच असल्यानं रक्त आत शिरू शकत नाही. आधी रंग जातात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग सगळा काळोख. माणूस अजून शुद्धीत असतो. आणखी थोडा जोर वाढला की मेंदूचा पुरवठाही तुटतो आणि शुद्ध जाते.

पण मेंदूतल्या प्राणवायूची शिल्लक चार-सहा सेकंद पुरते. दीड सेकंदात सगळं संपलं तर रक्त घसरायला आणि मेंदूला उपास पडायला वेळच मिळत नाही. स्टॅप यांच्या बाबतीत हा मार्गच खुला नव्हता. त्यांच्यापुढचा धोका रक्ताच्या वाहण्याचा नव्हता, मांस आणि हाड तुटण्याचा होता. दोन वेगळे आजार समजा, मोजायची पट्टी तेवढी एकच.

वैमानिक यावर उपाय करतात ते पोटऱ्या-मांड्या आवळणारा फुगता पोशाख घालून आणि पोट व पाय ताणून, दर तीनेक सेकंदांनी झटक्यात श्वास घेऊन. भारतीय हवाई दलात याची तालीम बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये, गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये होते. उलट दिशा, म्हणजे पायांकडून डोक्याकडे, तर शरीराला अजिबात पटत नाही. उणे तीन जीच्या आसपासच चेहरा फुटेलसं वाटू लागतं.

दिशेचा मुद्दा आणखी दोन प्रकरणांत दिसतो. ५ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर वासिली लाझारेव्ह आणि ओलेग माकारोव्ह यांचं सोयुझ यान कक्षेत पोचण्याआधीच बिघडलं आणि तीव्र उतारानं परत आलं. २१.३ जीपर्यंत जोर गेला. दोघे पाठीवर रेलून, अंगाच्या मापाच्या आसनात होते आणि दोघेही जगले. आणि १६ मे १९५८ रोजी होलोमनलाच कॅप्टन ईलाय बीडिंग पाठमोरे बसलेले असताना त्यांच्या छातीवरच्या उपकरणानं सुमारे ८३ जी नोंदवले. काळ सेकंदाचा पंचविसावा भाग. त्यांना भोवळ आली, पाठ भयंकर दुखली, काही दिवस रुग्णालयात काढावे लागले, पण ते बरे झाले. आकडा स्टॅप यांच्याहून मोठा, पण वेळ कितीतरी कमी आणि आधार पाठीला. दोघांत जास्त कुणी सोसलं, असं विचारण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

त्यानंतर

स्टॅप यांना ताशी हजार मैलांपर्यंत जायचं होतं. वरिष्ठांनी मनाई केली. माझ्या मते योग्यच केलं. एकाच माणसावर एकोणतीस प्रयोग झाले होते, आणि तो माणूस निरोगी, मधल्या वयाचा, दणका कोणत्या क्षणी बसणार हे माहीत असलेला, स्नायू आवळून बसलेला. त्याच्यावरून सत्तर वर्षांच्या बाईबद्दल किंवा पोराबद्दल काय सांगणार? या प्रकरणाची ही मर्यादा उघड आहे. त्यांच्या धावांनी 'इथवर माणूस जगू शकतो' एवढं सिद्ध केलं, 'इथवर प्रत्येक माणूस जगतो' असं नाही. लढाऊ विमानांच्या खुर्च्यांची मजबुती मात्र या कामानंतर ३२ जीपर्यंत वाढवली गेली.

स्टॅप यांचं लक्ष मग भलतीकडेच वळलं. हवाई दलाची जितकी माणसं विमानांत दगावत होती, जवळपास तितकीच सुट्टीवर घरी जाताना मोटारींत मरत होती. १९५५ पासून त्यांनी मोटार-अपघातांवर परिषद भरवायला सुरुवात केली, ती त्यांच्या नावानं अजून भरते. आज गाडीत जो तीन टोकांचा पट्टा असतो तो १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आणला, आणि बोलिन त्याआधी लढाऊ विमानांच्या, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करत होते. ९ सप्टेंबर १९६६ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली तेव्हा स्टॅप तिथे हजर होते. १९६८ पासून अमेरिकेतल्या नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे झाले. स्टॅप १९९९ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, होलोमनशेजारच्या आलामोगोर्डो गावी वारले. चष्मा होता, पण तो आधीपासूनचा.

रॉकेटगाडीचं गणित आपल्या गाडीला तसंच्या तसं लागू होतं. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी भिंतीवर आदळली आणि तिचं नाक ६० सेंटिमीटर चेपलं, तर पट्टा बांधलेल्या माणसाला साधारण १६ जी बसतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या ताशी १०० च्या वेगाला, तेवढ्याच चेपण्यात, ६५ जी. वेग दुप्पट, मार चौपट. हे पट्टा असलेल्याचं झालं. पट्टा नसलेला माणूस गाडी थांबली तरी त्याच वेगानं पुढे जात राहतो आणि समोरच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटवर चार-पाच सेंटिमीटरांत थांबतो. त्याचा आकडा शेकड्यांत जातो. २०२२ साली पालघर जिल्ह्यात महामार्गावर झालेल्या एका अपघातानंतर मागच्या सीटवरच्या पट्ट्याची महाराष्ट्रात खूप चर्चा झाली. नियम त्याआधीही होता.

आणि ती पहिली, पाठमोरी धाव. तान्ह्या मुलांची गाडीतली खुर्ची मागे तोंड करून लावायला सांगतात ती याच कारणानं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड आणि मान कच्ची. पाठमोरं बसवलं की दणका मानेऐवजी पाठ आणि डोकं एकत्र झेलतात, डोळे बाहेर ऐवजी डोळे आत. आपल्याकडे बाळ पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर असतं, आणि तिनं ते घट्ट धरलेलं असतं. ताशी ५० च्या धडकेत, वरच्याच हिशोबानं, दहा किलोचं बाळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ १६० किलोचं होतं.